बयनाबाई हजर

॥ माहूरच्या रेणुकेची नजर सगळ्यांवर असो ॥

मुक्काम अंतरघाट, पैनगंगेचा अलीकडचा काठ,
आश्विन वद्य चतुर्थी, शके १८८०

राजमान्य राजश्री जावईबापू यशवंतराव, मुक्काम निर्मल, यांना कौशल्याबाईचा भरल्या ओंजळीनं आशीर्वाद.

तुम्ही विसरला असाल म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमची सासू. अकरा वर्षांमागे तुम्ही आमच्या मांडवातून एक मुलगी नेली, जयवंता नावाची, उंच, डाव्या गालावर तीळ. ती अजून तुमच्या घरात असेल तर तिची आई ती मी. पोळ्याला येतो म्हणालात, बैल शिंगं रंगवून वाट बघत उभे राहिले. महालक्ष्म्यांना दोन ओळी टाकतो म्हणालात, त्या बहुतेक नदीत पडून राजमुंद्रीकडे वाहत गेल्या. अखाजीला छत्री इथंच विसरलात; तिच्यात आता आमची काळी कोंबडी खुडूक बसली आहे, तेव्हा तिची आशा सोडा. आणि अशा माणसाला सरकारनं नेमलं कुठं, तर तुफान-पूर बंदोबस्ताच्या नव्या खात्यात, गावोगावची माणसं यादीत लिहून ठेवायला! (मास्तर म्हणतात, जावयाला इतकं बोलू नये. मास्तरांचं अजून लग्न झालेलं नाही.)

तुमच्या पोटाचं कसं आहे? ताकात जिरं घालता की तेही विसरता? जयवंताला म्हणावं, पाय मुडपून बसू नको. माझं म्हणाल तर दात चार उरले, तेही एकमेकांना भेटत नाहीत. डोळे बरे, आणि कान गरजेपेक्षा जास्त बरे. हे पत्र त्या कानांमुळेच लिहवून घ्यावं लागून राह्यलं आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, आमच्या शाळेचे उद्धवराव मास्तर सरळ करून लिहितात. जिथं भाषा शहाणी वाटेल तिथं मास्तर समजा, जिथं टोचेल तिथं मी.

आता मुद्द्याचं. तुमच्या खात्याच्या वहीत आमचं गाव रिकामं आहे. त्र्याऐंशी माणसं इथं जेवतात, भांडतात, खोकतात, आणि वहीत एकही नाही. वहीत नाही म्हणून पूर आला तर सांगायला माणूस नाही, न्यायला डोंगा नाही. यंदा काय झालं ते सांगते, म्हणजे पुढल्या पावसाळ्याआधी तुम्ही ती वही उघडाल.

दहा सालांत मी तीन राज्यांत राहिले आणि चुलीपासून हलले नाही. आधी निजामाचं, पोलिस ॲक्शन झाल्यावर हैदराबादचं, आणि दोन सालांमागे सगळे कागद फाडून पुन्हा जोडले तेव्हा आंध्राचं. नदीपलीकडचा काठ मुंबईकडे गेला. पाणी कोणाकडे गेलं हे कोणी सांगितलं नाही, म्हणून ते दोन्हीकडे येतं. तर नव्या राज्याला एक मोठा दर्या आहे म्हणे, आणि त्या दर्यातून तुफान येतं, घरंच्या घरं उचलतं. तिकडच्या लोकांसाठी सरकारनं गाव खाली करायचा एक कायदा छापला, आणि आता आपण सगळे एकाच राज्याचे म्हणून तोच छापील कागद आमच्या पोलीस पाटलाकडे, नागोरावाकडे, आला. मास्तरांनी वाचून दाखवला. तुफान दिसताच दर्यापासून आठ मैल आत जावं. (आम्ही जन्मापासून तीनशे मैल आत आहोत, आणखी किती जावं?) होड्या वाळूत पुराव्या. आणि नारळाच्या झाडांवरचे नारळ आधीच उतरवून घ्यावेत, वाऱ्यानं डोक्यात बसतात. शेवटी खाना होता, नारळ उतरविले काय, होय किंवा नाही. नागोराव तीन दिवस जेवला नाही. निजामाच्या वेळी एक खाना रिकामा राहिला म्हणून त्याच्या बापाला भर उन्हात उभं केलं होतं, ते त्याच्या हाडात बसलेलं. चौथ्या दिवशी त्यानं बोथच्या बाजारातून दोन नारळ आणवले, चावडीपुढच्या लिंबाला सुतळीनं बांधले, पंचासमक्ष उतरवले आणि खान्यात होय लिहवलं. एक नारळ त्याच्या डोक्यात बसलाच, म्हणजे कायदा खरा आहे.

मग जेठात तालमीचा दिवस ठरला. तुमच्या खात्याचे एक नवे साहेब आले, दर्याकाठचे, सडपातळ, मऊ बोलणारे. बरोबर जुन्या दप्तरातला एक म्हातारा कारकून, कारण आमच्या गावाची यादी निजामाच्या वेळची, उर्दूत लिहिलेली, सतरा-अठरा सालांची जुनी. आमच्या गावाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे (नाही, तुम्हाला नाही): पुढून पैनगंगा, मागून नाला, दोन्ही फुगले की गाव ताटलीतल्या भाकरीसारखं मधोमध राहतं. नाल्यापलीकडचा गायमाळ तेवढा उंच. साहेब म्हणाले, डफडं वाजलं की सगळ्यांनी गाव सोडून गायमाळावर जमायचं, तिथं हजेरी होईल. साधी गोष्ट. पण साहेबाला आमच्या गावात गाव सोडणं म्हणजे काय ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्हाला वाटलं, एवढ्या मोठ्या सरकारला ते ठाऊक असणारच.

तुम्ही आमच्यात कधी आठ दिवस राहिला नाहीत, म्हणून सांगते. आमचं गाव शिवेबाहेर काढायची रीत आहे. पटकी आली, देवी आली, पूर आला, कारण काही असो, सगळं गाव एकदम निघतं. चुली विझवायच्या. दिवा ठेवायचा नाही. दारं सताड उघडी टाकायची, म्हणजे जे घरात शिरलं आहे त्याला निघायला वाट राहते. मागं वळून बघायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नेम हाकेचा. ज्यानं गावाला बाहेर काढलं ते गावामागून चालत येतं, आणि त्याला सगळ्यांची नावं ठाऊक असतात. ते एकदा हाक मारतं, दोनदा मारतं. तिसरी हाक त्याच्यानं मारवत नाही. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला नाही, तिसरी माणसाचीच असते, तिला द्यायची. दिवस कलून परत गावात पाय टाकीपर्यंत हा नेम. माझ्या सासूनं मला शिकवला, तिला तिच्या सासूनं.

डफडं वाजलं तसं गाव निघालं. चुलींवर पाण्याचे तांबे ओतले, दारं उघडी टाकली, आणि लेकरं पोटाशी धरून, मान खाली घालून सगळे कोरड्या नाल्यातून गायमाळावर. साहेबांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याकडे म्हणे एका गावाला निघायला अर्धा दिवस लागला होता, बाया खाटा घेऊन निघाल्या होत्या. चाला बागुंदी, चाला बागुंदी, म्हणत ते आमच्यापुढून फिरले. मास्तर म्हणाले, शाबासकी देऊन राह्यले. आम्ही गावाकडे पाठ करून बसलो, साहेब आमच्यापुढे, गावाकडे तोंड करून उभे. मग म्हाताऱ्या कारकुनानं यादी उघडली आणि हजेरी सुरू केली. एकेक नाव. एकदाच.

पहिलं नाव नागोरावाचं. कारकून त्याच्यापासून हातभर अंतरावर. नागोराव आभाळातल्या घारीकडे बघत बसला. दुसरं माझं. मी गवताची काडी मोडत राहिले. तिसरं, चौथं, दहावं, चाळिसावं. साहेबांनी आमच्याकडे बोट करून विचारलं, मग हे लोक कोण? मास्तर बाहेरगावचे, त्यांना आमचा नेम लागत नाही, ते सांगायला उठले, पण त्यांचं तेलुगू तेव्हा दोन महिन्यांचं होतं. (मास्तर म्हणतात, तीन. असू द्या.) साहेब घामाघूम. कायद्यात लिहिलेलं, हजेरीस उत्तर न देणारा गैरहजर समजावा. त्र्याऐंशी माणसं पुढ्यात बसली आहेत आणि एकही हजर नाही. वारा पडलेला. गाईंच्या गळ्यातल्या घंटासुद्धा थांबलेल्या. गावाकडून काहीच आवाज नाही, कुत्र्याचा नाही, कोंबड्याचा नाही. जावईबापू, जिवंत गाव पाठीमागं असलं की पाठीला कळतं. त्या दिवशी माझ्या पाठीला कळेना की मागं काय आहे.

तेवढ्यात कारकुनानं वाचलं, बयनाबाई, जौजे बाबाराव. म्हणजे बाबारावाची बायको. बाबाराव माझा धाकटा दीर, आता साठीचा, ठार बहिरा, माझ्याच शेजारी बसलेला. आणि बयना माझी जाऊ, करपलेलंच निवडून खाणारी. पोलिस ॲक्शनच्या सहा सालं आधीच्या पुरात ती वाहून गेली. यादी त्याच्याही आधीची, म्हणून नाव राहिलेलं.

मागून आवाज आला, हजर.

गावाच्या बाजूनं. पहिल्याच हाकेला. ओरडून नाही, ओसरीवर निवडत बसलेली बाई मान न उचलता जसं म्हणेल तसं. आम्ही कोणी वळलो नाही. नेमच तसा. पण साहेबांचं तोंड गावाकडे होतं, आणि मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तीच मला बोचली. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी बोटानं दाखवत कारकुनाला काही सांगितलं आणि भराभरा लिहून घेतलं. बाबाराव, ज्याच्या कानाशी भांडं आपटलं तरी कळत नाही, त्यानं मान तिरकी केली आणि संध्याकाळी मला विचारलं, वहिनी, ओ कोणं देल्ली जी?

साहेबांनी काय लिहिलं ते महिन्यानं कळलं. अंतरघाट: गाव बेचिराग (म्हणजे दिवा न लागणारं, ओसाड). एक स्त्री, बयनाबाई, वय चाळीस, नदीकडील शेवटच्या घरात राहते, सूचना देऊनही घर सोडत नाही, घरातून धूर निघताना पाहिला. गायमाळावर शेजारील गावांचे त्र्याऐंशी बघे उपस्थित. सबब, पुराची वर्दी देणारा माणूस या गावी नेमण्याची गरज नाही. पूर आल्यास डोंगा पाठवून एक व्यक्ती काढावी. जावईबापू, नदीकडचं शेवटचं घर सोळा सालांमागेच गेलं. तिथं आता नुसतं जोतं आहे आणि त्यात घाणेरी माजली आहे. आणि या कागदावर तळाशी आणखी एक सही होती, तुमची. सासरचं गाव बेचिराग आणि तुम्ही सही केली! डोळे मिटून केलीत की गावाचं नाव वाचून काही आठवलंच नाही, ते जयवंताला सांगा, मला नको.

नागोरावानं अर्ज केला की आम्ही सगळे आहोत. तुमच्या खात्याचं उत्तर आलं, तालमीच्या दिवशी जो इसम गैरहजर होता, त्याचा अर्ज घेता येत नाही. नागोराव आधी हसला. मग उठून घराच्या उंबऱ्यात गेला आणि बायकोला म्हणाला, मले हात लावून पाह्य बरं. ती म्हणाली, काऊन? पण तिनं लावला.

भादव्यात वर कुठं तरी फार झालं. इथं थेंब नाही. दुपारी भाकऱ्या थापायच्या वेळी नदी आली, आवाज न करता, जशी पावणी मागच्या दारानं येते. वर्दी द्यायला माणूस नव्हताच. नाला उलटा भरायला लागला आणि आम्ही मधोमध. चुली विझवल्या, दारं उघडी टाकली, नाल्याच्या काठाशी येऊन उभे राहिलो, पाठ गावाकडे. आभाळ पिवळं, उजेड असा की कोणाची सावली पडेना. पाणी पायाच्या बोटांना, मग घोट्याला. नागोरावाच्या नातवंडाला मी खांद्यावर घेतलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या सरकारी कागदावर लिहिलं आहे ते आता खरं होणार.

तेव्हा वरच्या उतारावरून डोंगा आला. फकिरा नावाचा नावाडी, तुमच्या खात्यानं नवा ठेवलेला, हाडाचा खरा आणि डोक्याचा लाकडी. कागद मेणकापडात गुंडाळून छातीशी. डोंगा काठापासून वावभर दूर ठेवून तो ओरडला, बयनाबाई! कोणी बोललं नाही. बयनाबाई! पाणी नडगीला. नागोराव रडकुंडीला येऊन त्याला हातानं खुणा करून राहिला. फकिरा म्हणाला, तुमी नाही जी, कागदावर एकच बाई हाय, मांगच्या बारीले भलतेच बसवले त माहा डोंगाच काढून घेतला होता. आणि त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, बयनाबाई!

मी म्हटलं, हजर.

कोण धजणार दुसरं? मी बसले, नातवंड मांडीवर. फकिरानं कोळशानं वल्ह्यावर एक रेघ मारली. मग मी नागोरावाच्या सुनेला म्हटलं, बोल. ती म्हणाली, बयनाबाई. रेघ. मग गाव समजलं. एका खेपेला सहा माणसं, दर माणसाला फकिरा नाव विचारायचा आणि कागद बघायचा, दर माणूस म्हणायचा बयनाबाई. नागोराव आला, मिशा अशा की त्यावर लिंबू राहावं. फकिरानं मिशा बघितल्या, कागद बघितला. म्हणाला, वय चाळीस, बाई मानूस? नागोराव म्हणाला, हाव. फकिरानं रेघ मारली. तान्ही पोरं बयनाबाई, नव्वद वर्षांचा कोतवाल बयनाबाई, मास्तर बयनाबाई. (मास्तर, हे गाळू नका. तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता.) मी मात्र पलीकडे उतरले नाही. लेकरू देऊन दर खेपेला डोंग्यात परत येत होते, कारण बाबाराव काठावरून हलेना.

बायकोचं नाव त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. कोण घेतो? त्यात बहिरा. पाणी कमरेला आलं, अलीकडच्या काठावर तो एकटा, आणि फकिरा त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन नाव विचारतो आहे. मी त्याचा दंड धरून म्हटलं, बोल रे, एकदा बोल, देव माफ करीन. त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं. आणि मग फार हळू, शिकल्यासारखं, म्हणाला, बयना.

फकिरानं रेघ मारली, त्याला ओढून घेतलं, आणि मग वल्हं न मारता थांबला. काऊन थांबला, मी विचारलं. तो आमच्या डोक्यांवरून गावाकडे बघत म्हणाला, दम धरा जी, एक बाई येऊन राह्यली. बाबाराव आणि मी डोंग्यात पाठमोरे. फकिरानं वल्हं रोवून डोंगा काठाशी धरून ठेवला, इतका वेळ की मी मनात रेणुकेचं नाव किती वेळा घेतलं ते मलाच ठाऊक. मग डोंगा मागच्या बाजूला दबला. पाणी थोडं आत आलं. फकिरानं नेहमीसारखं नाव विचारलं, ऐकून मान हलवली आणि रेघ मारली. निघालो. माझ्या पाठीमागं कोणी तरी बोटं मोडत होतं. एकेक. कट, कट, सावकाश. दहाही. बयनाला ती खोड होती, सासूबाई त्यावरून तिला रोज बोलायच्या. मी वळले नाही. बाबारावाच्या तोंडाकडेही बघितलं नाही.

पलीकडे फकिरा आधी उतरला. दर बाईला द्यायचा तसा मला हात दिला. बाबारावाला दिला. मग तिसऱ्यांदा हात पुढे केला, काही तरी धरल्यासारखा, संभाळून, आणि सोडला. डोंगा वर आला. नागोरावानं गायमाळावर माणसं मोजली, त्र्याऐंशी. फकिराच्या वल्ह्यावर रेघा चौऱ्याऐंशी. दोघं दिवस मावळेपर्यंत भांडले, आणि दोघंही खरे आहेत हे मला ठाऊक होतं.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. घरं बरीच उभी राहिली. उघड्या दारांतून पाणी आलं आणि गेलं. मग तुमच्या खात्याचा शेरा आला. आधी वाटलं, इतकी माणसं वाचली म्हणून शाबासकी असेल. शेरा असा: सदर बयनाबाई हिला एका दिवसात चौऱ्याऐंशी वेळा काढण्यात आलं, यावरून या बाईस वारंवार पुराच्या गावात परत जाण्याची खोड आहे असं दिसतं, तरी तिला पोलीस पाटलामार्फत सक्त समज द्यावी. नागोराव तो कागद घेऊन घाणेरीच्या जोत्यापुढे गेला, खाकरला आणि वाचून दाखवला. खान्यात लिहावं लागतं ना, समज दिली काय, होय किंवा नाही.

तर आता मास्तरांनी नवा अर्ज केला आहे, बाहेरगावचे म्हणून स्वतःच्या सहीनं. त्र्याऐंशी जिवंत माणसांची नावं, बापासकट, आणि शेवटी एक ओळ, बयनाबाई जौजे बाबाराव ही मयत असल्यानं तिचं नाव कमी करावं. तो तुमच्याच टेबलावर येईल. तेवढं बघा, विसरू नका. पुढच्या भादव्यात नदी पुन्हा येणार, आणि फकिराला दर वेळी आम्ही फसवू शकणार नाही. मुलाबाळांना आशीर्वाद. जयवंताला पोटाशी धरलं समजा.

तुमची (हे तरी लक्षात ठेवा) सासू,
कौशल्याबाई, अंगठा

ता. क. : अंगठा उठवून झाल्यावर मास्तरांना पुन्हा बसवलं आहे. वर जे डोंग्याचं लिहिलं त्यावर फार विचार करू नका. माणसं घाबरलेली, पाणी चढलेलं, फकिराचं मोजणं कच्चं. साहेबांनी धूर बघितला तो धुकं असेल. जेठात धुकं नसतं हे मास्तरांनी लिहू नये.

आणखी ता. क. : हे खरं मागणं. मास्तरांना हे लिहिताना राग आला आहे, कारण अर्ज त्यांचा. त्र्याऐंशी नावं चढवा, पण बयनाचं कापू नका.

काऊन, ते सांगते, आणि हे जयवंतालाही कधी सांगितलं नाही. त्या पुरात गाव बाहेर निघालं तेव्हा मी गायमाळाच्या चढावर होते. बयना मागं राहिली होती, वासरू सोडायला. मला हाक ऐकू आली, अक्का. मी थांबले. नेम होता. पुन्हा आली, अक्का गं. मी उभी राहिले, पाठ करून, तिसरीची वाट बघत. माझे कान तेव्हाही चांगले होते. तिसरी आली नाही. माझ्या सासूनं शिकवलेला नेम वाईट होता असं मी म्हणत नाही, त्या नेमानं पटकीतून गाव वाचलं आहे. पण सोळा सालं मी ती तिसरी हाक ऐकायला बसले आहे, आणि ती माझ्याकडून यायची होती हे मला डोंग्यात कळलं.

तिला आता पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय लागली आहे. यादीतून नाव गेलं तर तिला हाक कोण मारणार? बाबाराव एकदाच बोलला, पुन्हा बोलायचा नाही. सरकारनं तेवढं करावं. वर्षातून एकदा, जेठात, उन्हात उभं राहून एका कारकुनानं तिचं नाव वाचावं, एवढंच. कापायला दौत उघडाल तेव्हा विसरा. विसरण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

शेवटचं : दिवाळीला तुम्ही येणार नाही हे मी धरून चालले आहे, म्हणून फराळ कपड्यात बांधून नागपूरकडच्या मोटारीत ठेवा, नागोराव सडकेवर उतरवून घेईल. चिवडा नको, दाताचं वर सांगितलंच. अनारसे पाठवा, खसखस एकाच बाजूला. त्यातले चार जयवंताला कढईत जरा जास्त ठेवायला सांगा, चांगले काळपट होईतो, आणि वेगळ्या फडक्यात बांधा. करपले म्हणून ती टाकून देईल, देऊ नये. ते कोणी तरी आवडीनं खातं.